कल्याण कॅम्प : लढाई आणि घर यांच्यामधला मुक्काम

कल्याण जंक्शनहून कर्जतकडे जाणाऱ्या लोहमार्गावर विठ्ठलवाडी, उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर ही स्थानके लागोपाठ येतात, आणि त्यांच्या भोवतीची वस्ती आज इतकी सलग झालेली आहे की एक शहर कोठे संपते व दुसरे कोठे सुरू होते हे पाटी वाचल्याखेरीज कळत नाही. या पट्ट्याच्या इतिहासाकडे वळणारा अभ्यासक प्रथम अंबरनाथच्या शिवमंदिराशी थांबतो, कारण शिलाहार राजा मम्वाणी याच्या काळातील शके ९८२ चा, म्हणजे इ. स. १०६० चा, शिलालेख तेथे आहे. आणि तेथून तो बहुधा एकदम विसाव्या शतकातील काडेपेटीच्या व इतर कारखान्यांकडे उडी घेतो. या दोहोंच्या पलीकडे, जेमतेम काही वर्षांचा, पण आजच्या वस्तीचा नकाशा ज्याने आखला असा एक लष्करी कालखंड येथे होऊन गेला. दुसऱ्या महायुद्धात वालधुनी नदीलगतचा मोकळा माळ लष्कराने ताब्यात घेतला आणि तेथे ‘कल्याण कॅम्प’ या नावाची छावणी उभी केली. सहा हजार सैनिक आणि इतर तीस हजार माणसे यांची सोय व्हावी अशा बेताने तिची आखणी झालेली होती, तिच्यात २,१२६ बराकी होत्या, आणि त्यांतील बहुतेकींची रचना मध्ये लांबलचक दालन व दोन्ही टोकांना खोल्या अशी होती. मुंबई बंदर जवळ, आणि पुण्याकडे व नाशिककडे जाणारे लोहमार्ग कल्याणलाच फुटतात, एवढ्या दोन गोष्टी ही जागा निवडण्यास पुरेशा होत्या.

ही छावणी लढणाऱ्यांची नव्हती, तर येणाऱ्या-जाणाऱ्यांची होती. जहाज लागेपर्यंत, पुढचा हुकूम येईपर्यंत किंवा सुटकेचे कागद तयार होईपर्यंत सैनिकांना जेथे ठेवले जाते, त्या ठिकाणाला लष्करी परिभाषेत ट्रान्झिट कॅम्प, म्हणजे संक्रमण छावणी, असे म्हणतात. अशा छावणीत एकाच वेळी दोन प्रकारची माणसे राहतात. काहींनी लढाई अजून पाहिलेली नसते, आणि काहींनी ती पाहून झालेली असते, पण त्यांनी घर अद्याप गाठलेले नसते. युद्धाचा मनावर होणारा परिणाम समजून घेण्यासाठी हा दुसरा वर्ग महत्त्वाचा आहे. रणभूमीवरचा ताण पुढे कायमच्या विकाराचे रूप घेतो की हळूहळू ओसरतो, याचा निर्णय बराचसा रणभूमी सुटल्यानंतरच्या काळात होतो, असे आजचे संशोधन सांगते. आणि नेमक्या त्याच काळाची नोंद ठेवण्याची गरज कोणत्याही लष्करी कचेरीला फारशी वाटलेली नाही. कल्याण कॅम्पसारख्या ठिकाणांचा इतिहास बराकींच्या संख्येत सापडतो आणि त्यांत राहून गेलेल्यांच्या मनाच्या बाबतीत जवळजवळ कोरा आहे, याचे कारण येथे आहे.

येथे दोन संज्ञांमधला फरक स्पष्ट करणे आवश्यक आहे. युद्धजन्य ताण, ज्याला इंग्रजीच्या वळणाने ‘कॉम्बॅट स्ट्रेस’ म्हटले जाते, ही लढाईच्या परिस्थितीला शरीर व मन यांनी दिलेली तात्कालिक प्रतिक्रिया होय. ती कोणाही धडधाकट माणसात निर्माण होऊ शकते आणि ती आजार नव्हे. आघातोत्तर तणाव विकार, म्हणजेच पीटीएसडी, हा मात्र आजार आहे. मृत्यू, गंभीर इजा किंवा तशा धोक्याचा प्रत्यक्ष अनुभव आल्यानंतर लक्षणे एक महिन्याहून अधिक काळ टिकली आणि त्यांमुळे माणसाचे रोजचे जगणे विस्कळीत झाले, तरच हे निदान केले जाते. ही लक्षणे चार गटांत मांडली जातात. घडलेला प्रसंग स्वप्नांतून किंवा जागेपणी पुन्हा घडत असल्यासारखा अनुभवास येणे हा पहिला गट; त्याची आठवण करून देणाऱ्या जागा, माणसे व बोलणी टाळणे हा दुसरा; स्वतःबद्दल व जगाबद्दल काळवंडलेली भावना, अपराधीपणा आणि जिव्हाळ्याच्या माणसांपासून आलेला दुरावा हा तिसरा; आणि झोप न लागणे, जरा आवाज झाला की दचकणे, एकाएकी भडकणे, सतत सावध राहणे हा चौथा.

ताणाचे विकारात रूपांतर कसे होते, याचे स्पष्टीकरण अनेक पातळ्यांवर दिले जाते. धोका जाणवताच मेंदूतील अमिग्डाला नावाचा बदामाच्या आकाराचा भाग शरीराला इशारा देतो, अ‍ॅड्रेनालिन व त्याच्या जातीची इतर द्रव्ये रक्तात उतरतात, हृदयाचे ठोके वाढतात, आणि आठवणींना काळ व स्थळ यांची चौकट देणाऱ्या हिप्पोकॅम्पस या भागाचे काम अशा वेळी नीट होत नाही. परिणामी, तोफगोळ्याचा आवाज, जळक्या तेलाचा वास, शेजाऱ्याचा ओरडा असे सुटे तुकडे अत्यंत तीव्रतेने मनात कोरले जातात, परंतु ‘हे अमुक दिवशी, अमुक ठिकाणी घडले आणि संपले’ असा त्यांचा शेवट लागत नाही. कपाळामागचा मेंदूचा जो भाग एरवी अमिग्डालाला आवर घालतो, तोही सततच्या जागरणाने व थकव्याने दुबळा पडतो. ज्या सवयींनी आघाडीवर जीव वाचतो, म्हणजे हलकी झोप, पाठीमागे भिंत असल्याखेरीज न बसणे, आवाज होताच हालचाल करणे, त्याच सवयी गावातल्या घरात आजाराची लक्षणे ठरतात. कारण शरीराला युद्धविराम झाल्याची बातमी पोचलेली नसते. धोक्याची तीव्रता आणि त्यात काढलेला काळ जितका अधिक, तितका विकाराचा संभव अधिक, ही गोष्ट वारंवार दिसून आलेली आहे. दुसऱ्या महायुद्धातील निरीक्षणांवरून अमेरिकी संशोधक अपेल व बीबी यांनी १९४६ मध्ये असा अंदाज मांडला की सामान्य पायदळ सैनिक एकूण सुमारे दोनशे ते दोनशे चाळीस दिवसांच्या प्रत्यक्ष लढाईनंतर निकामी होतो. हा आकडा शब्दशः घेण्याचे कारण नाही, पण त्यामागचा विचार क्रांतिकारक होता: शूर व भित्रा अशी विभागणी मोडून काढून, प्रत्येक माणसाच्या सहनशक्तीला कोठेतरी मर्यादा आहे, हे त्याने मान्य केले.

ही मान्यता मिळण्यास फार वेळ लागला. अमेरिकेतील यादवी युद्धानंतर जेकब डा कोस्टा या डॉक्टराने १८७१ मध्ये सैनिकांच्या धडधडीचा विकार वर्णिला, पण दोष हृदयाचा मानला. पहिल्या महायुद्धात चार्ल्स मायर्स यांनी १९१५ च्या फेब्रुवारीत ‘लान्सेट’ या नियतकालिकात ‘शेल शॉक’ ही संज्ञा वापरली, तेव्हा गोळ्याच्या स्फोटाने मज्जातंतूंना धक्का बसतो अशी समजूत होती. लवकरच, जवळपास एकही गोळा न पडलेले शिपाईही थरथरताना व मुके झालेले दिसू लागले आणि ती समजूत टिकली नाही. तरीही शिस्तीचे शास्त्र मागे हटले नाही. पळून जाणे, भेकडपणा अशा आरोपांखाली गोळ्या घातल्या गेलेल्या ब्रिटिश व साम्राज्यातील ३०६ सैनिकांना ब्रिटनने औपचारिक क्षमा दिली ती २००६ मध्ये. त्याच महायुद्धात अमेरिकी डॉक्टर थॉमस सॅमन यांच्या नावाशी जोडली गेलेली उपचारपद्धत पुढे आली: खचलेल्या सैनिकाला आघाडीजवळच ठेवावे, उपचार लगेच करावेत, आणि तो पुन्हा पलटणीत जाणार आहे हे त्याला सतत सांगत राहावे. ही पद्धत सैनिकाच्या भल्यासाठी किती आणि मनुष्यबळाच्या हिशेबासाठी किती, हा प्रश्न तेव्हापासून आजवर सुटलेला नाही.

महाराष्ट्रात या विषयाचे सर्वांत जुने ठिकाण नाशिकजवळचे देवळाली होय. १८६१ पासून तेथे ब्रिटिश सैनिकांची संक्रमण छावणी होती. नोकरीची मुदत संपलेले गोरे सैनिक तेथे येऊन मायदेशी जाणाऱ्या जहाजाची वाट पाहत बसत, आणि सैनिकवाहू जहाजे साधारणपणे हिवाळ्याच्या मोसमातच सुटत असल्यामुळे चुकीच्या महिन्यात मुदत संपलेल्याला कित्येक महिने रिकामपणी काढावे लागत. कवायत नाही, काम नाही, उष्मा, हिवताप, दारू आणि त्यातून येणाऱ्या शिक्षा, अशा त्या मुक्कामात अनेकांचा तोल सुटे. इतका की, वेड लागणे या अर्थी देवळालीचेच नाव ब्रिटिश सैनिकांच्या बोलीत रुजले आणि फ्रँक रिचर्ड्स या माजी सैनिकाने १९३६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ‘ओल्ड सोल्जर साहिब’ या आठवणींच्या पुस्तकातही ते नोंदले गेले. या नावाची गंमत सांगणारे लेखन भरपूर झाले आहे. त्यामागची वस्तुस्थिती अधिक विचार करायला लावणारी आहे: या माणसांपैकी कित्येकांनी मोठी लढाई पाहिलेलीही नव्हती, आणि तरीही नुसत्या अर्थहीन प्रतीक्षेने ती मोडत होती. पहिल्या महायुद्धात याच देवळालीत मेसोपोटेमियाच्या आघाडीवरून परतलेल्या मनोरुग्ण सैनिकांची व्यवस्था करावी लागली, तेव्हा लढाईचा ताण आणि छावणीचा ताण हे दोन्ही एकाच छपराखाली आले.

मराठी शिपायांच्या वाट्याला मेसोपोटेमिया, म्हणजे आजचा इराक, फार कठोर रीतीने आला. जनरल टाउनशेंड याच्या हाताखालील सहाव्या पुणे डिव्हिजनमध्ये १०३, ११० आणि ११७ या क्रमांकांच्या मराठा पलटणी होत्या, आणि कुत-अल-अमारा येथे ७ डिसेंबर १९१५ पासून २९ एप्रिल १९१६ पर्यंत चाललेल्या वेढ्यात त्या उपासमारीने खंगत गेल्या. शरणागतीनंतर वाळवंटातून झालेली कैद्यांची पायपीट आणि तुर्की बंदिवास यांत असंख्य माणसे दगावली. वेढा, भूक, बंदिवास आणि सोबत्यांचे डोळ्यांदेखत मरणे, म्हणजे आज ज्या गोष्टींना आघातोत्तर विकाराची सर्वांत बलवान कारणे समजले जाते, त्या सगळ्या येथे एकत्र होत्या. असे असूनही भारतीय शिपायांमधील शेल शॉकविषयीची नोंद विरळ आढळते. इतिहासकार हिलरी बक्स्टन यांनी २०१८ मध्ये दाखवून दिले की ब्रिटिश डॉक्टरांची वंशविषयक गृहीतकेच येथे आड येत होती: गोऱ्या सैनिकाची थरथर ही मज्जातंतूंची व्याधी, तर हिंदी शिपायाची थरथर हा त्याच्या जातिस्वभावाचा भाग किंवा कामचुकारपणा, असा तो दृष्टिकोन होता. फ्रान्सच्या आघाडीवर हिंदी शिपायांच्या हातांना झालेल्या जखमा पाहून त्यांनी स्वतःच स्वतःला जखमी केले असावे असा संशय इतका बळावला की, ब्रायटन येथील किचनर इंडियन हॉस्पिटलचे प्रमुख कर्नल ब्रूस सेटन यांनी एक हजार जखमांचा तपशीलवार अभ्यास केला. त्या संशयाला आधार नाही, हा त्यांचा निष्कर्ष शिपायांच्या बाजूचा होता खरा. परंतु मुळात एवढ्या मोठ्या चौकशीचा विषय ‘शिपाई खोटे बोलतो काय’ हा होता, ‘शिपायाला काय होते आहे’ हा नव्हता.

अपंग झालेल्या शिपायाची मात्र दखल घेतली गेली. १९१७ मध्ये मुंबईत लेडी विलिंग्डन यांच्या पुढाकाराने क्वीन मेरीज टेक्निकल इन्स्टिट्यूट ही संस्था सुरू झाली, पुढे ती पुण्याजवळ खडकीला गेली, आणि हात-पाय गमावलेल्या सैनिकांना तेथे हस्तव्यवसाय शिकवले जाऊ लागले. ती संस्था आजही चालू आहे. मनाने खचलेल्यासाठी अशी जागा निघाली नाही. साताऱ्याजवळच्या अपशिंगेसारख्या गावात, जेथील ४६ जण पहिल्या महायुद्धात कामी आल्याचे सांगितले जाते आणि ज्याचे नावच ‘अपशिंगे मिलिटरी’ असे पडले, मृतांचा स्मृतिलेख उभा राहिला, पण जिवंत परतून गप्प झालेल्यांचा कोणताही लेख असण्याचे कारण नव्हते. असा माणूस गावात ‘लढाईवरून आल्यापासून बिनसला’ किंवा ‘बाहेरची बाधा झाली’ म्हणून ओळखला जाई आणि त्याला देवरुष्याकडे नेले जाई. फारच हाताबाहेर गेले तर ठाण्याचे मनोरुग्णालय होते. ते १९०१ मध्ये सुरू झालेले असून कल्याण-अंबरनाथ भागाला सर्वांत जवळचे तेच आहे.

दुसऱ्या महायुद्धात चित्र काही अंशी बदलले. मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या पलटणी एरिट्रियात केरेनच्या डोंगरांवर १९४१ मध्ये लढल्या. तिची एक पलटण जून १९४२ मध्ये तोब्रुक पडले तेव्हा जर्मनांच्या हाती सापडली. इटलीत नाईक यशवंत घाडगे यांनी १० जुलै १९४४ रोजी प्राण देऊन आणि शिपाई नामदेव जाधव यांनी ९ एप्रिल १९४५ रोजी सेनियो नदीच्या काठी जखमी सोबत्यांना ओढून आणून व्हिक्टोरिया क्रॉस मिळवला. युद्धजन्य ताणाच्या दृष्टीने पाहता मणिपूरमधील सांगशाक ही लढाई विशेष उल्लेखनीय आहे. मार्च १९४४ मध्ये मराठा लाइट इन्फन्ट्रीची चौथी पलटण पन्नासाव्या पॅराशूट ब्रिगेडबरोबर एका उघड्या टेकडीवर अडकली. तेथे पाणी अपुरे होते, खडकामुळे खंदक खोल खणता येत नव्हते, तारांचे कुंपण नव्हते, आणि जपान्यांचे हल्ले रात्रंदिवस चालू होते. मेलेली खेचरे व माणसे त्याच जागेत पडून राहिली. २६ मार्चच्या रात्री माघारीचा हुकूम आला, तेव्हा उरलेल्यांना जंगलातून वाट काढत निघावे लागले. खुद्द ब्रिगेडच्या सेनापतीची प्रकृती लढाईनंतर ढासळली, त्याला परत पाठवण्यात आले, आणि सुरुवातीला पराभवाचा ठपकाही त्याच्यावरच आला. या लढाईने जपानी सैन्याला मोलाचा उशीर झाला आणि इंफाळ-कोहिमाला त्यामुळे उसंत मिळाली, हे नंतर सावकाश मान्य झाले. सेनापतीचे खचणे इतिहासात उतरले. पलटणीतल्या शिपायांचे उतरले नाही.

या युद्धात चौदाव्या सैन्याच्या डिव्हिजनांबरोबर मानसोपचारतज्ज्ञ नेमले गेले, आघाडीलगत विश्रांतीची केंद्रे काढली गेली, आणि ‘थकवा’ अशी सौम्य नोंद करून सैनिकाला दोन-चार दिवस झोप, गरम जेवण व औषध देण्याची पद्धत रूढ झाली. हे पहिल्या महायुद्धापेक्षा निश्चितच पुढचे पाऊल होते. मात्र सगळी व्यवस्था आघाडीपुरती होती. तिचा उद्देश माणसाला पुन्हा लढते करणे हा होता, आणि जो लढण्यास पुन्हा उभा राहिला तो बरा झाला असे धरले जाई. युद्ध संपल्यावर पंचवीस लाखांच्या भारतीय सैन्याची पांगापांग सुरू झाली, तेव्हा या व्यवस्थेचा संबंधच संपला. सुटका होणाऱ्या शिपायाची वैद्यकीय तपासणी होई, हिशेब चुकता होई, कागद हाती पडत, आणि तो आगगाडीत बसे. वजन, नजर, हातपाय, ताप हे सर्व पाहिले जाई. त्याला झोप लागते का, हे विचारण्यासाठी त्या अर्जात रकाना नव्हता.

येथे एक विचार मनात येतो. लढाई आणि घर यांच्यामधला मुक्काम हा खरे तर उपचाराचा काळ होऊ शकला असता. अफगाणिस्तानातून परतणाऱ्या ब्रिटिश सैनिकांना घरी सोडण्याआधी सायप्रस बेटावर सुमारे दीड दिवस मुद्दाम थांबवले जात असे. तेथे आंघोळ, समुद्र, थोडी बिअर, आणि घरी गेल्यावर काय जाणवेल याची माहिती, असा कार्यक्रम असे. अशा थांब्याचा परिणाम किती काळ टिकतो याबद्दल अभ्यासकांत एकमत नाही, पण त्यामागची कल्पना स्पष्ट आहे: ज्या सोबत्यांबरोबर ते भोगले, त्यांच्याच सहवासात ते मागे ठेवण्यास आरंभ व्हावा. संक्रमण छावणीत नेमके उलटे घडत होते. पलटणी तेथे मोडल्या जात, वेगवेगळ्या जिल्ह्यांतली माणसे वेगवेगळ्या गाड्यांनी पांगत, आणि गावी पोचणाऱ्या शिपायाला सांगशाक कोठे आहे हे समजणारे दुसरे कोणीही भेटत नसे. ख्रिस ब्र्यूइन व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००० मध्ये अनेक अभ्यास एकत्र तपासून असे दाखवले की, आघातानंतर माणसाला आधार न मिळणे आणि त्याच्या आयुष्यात पुढेही ताण येत राहणे, ही आघातोत्तर विकाराची मोठी कारणे आहेत, आणि आघाताच्या तीव्रतेपेक्षा त्यांचे वजन कमी नाही. कोकण-देशावरच्या एकत्र कुटुंबांनी हा आधार पुष्कळ अंशी दिला असावा, असे मानण्यास जागा आहे. पण लगोलग जे नोकरीच्या शोधात मुंबईच्या चाळींत किंवा ठाणे-कल्याणच्या कारखान्यांत आले, त्यांच्या बाबतीत तेही सांगता येत नाही.

युद्ध संपून कल्याण कॅम्प ओस पडतो न पडतो, तोच फाळणी झाली. ६ जानेवारी १९४८ च्या कराचीतील दंगलीनंतर सिंधी हिंदूंचे स्थलांतर एकदम वाढले, जहाजांतून मुंबईला उतरलेल्या कुटुंबांना कल्याण कॅम्पमध्ये आणले गेले, आणि सैनिकांसाठी बांधलेल्या लांबलचक बराकींत तरट, चादरी, पत्रे यांचे आडोसे करून एकेका दालनात अनेक संसार मांडले गेले. ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांनी या वसाहतीला उल्हासनगर हे नाव दिले. लष्कराची भाषा मात्र गेली नाही: कॅम्प नंबर एक ते पाच आणि बराक नंबर अमुक, हे पत्ते आजही टपालावर लिहिले जातात. या निर्वासितांचा आघात लढाईचा नव्हता, आणि त्यांना सैनिकांच्या रांगेत बसवणे हे शास्त्राला धरून होणार नाही. प्रशिक्षण, शस्त्र, हुकूम आणि पलटणीची सोबत हे सैनिकाच्या अनुभवातले घटक त्यांच्याजवळ नव्हते. उलट मारावे लागल्याची जी बोच काही सैनिकांना छळते, तीही बहुतेकांना नव्हती. सिंधमधून आलेल्यांनी पंजाबच्या मानाने कत्तली कमी पाहिल्या, घरदार मात्र पुरते गमावले. तरीही दोहोंत एक साम्य आहे, आणि ते बराकीपुरते नाही. दोघांच्याही बाबतीत व्यवस्थेने माणसाचे पोट, छप्पर व कागद यांचा विचार केला, आणि मनाचा केला नाही. फाळणीच्या मानसिक परिणामांबद्दल भारतीय मानसोपचारशास्त्राने दीर्घकाळ बाळगलेल्या मौनाकडे संजीव जैन व आलोक सरीन यांनी संपादित केलेल्या ग्रंथाने लक्ष वेधले, तेही २०१८ मध्ये. उल्हासनगरने मात्र आपली ओळख उद्योगातून घडवली, आणि भोगलेल्याची वाच्यता न करता व्यापारात झोकून देणे हाच तेथे सन्मानाचा मार्ग ठरला. याला मनाचा कणखरपणा म्हणावे की टाळाटाळ, हे बाहेरच्याने ठरवू नये.

अंबरनाथच्या वाट्याला युद्धाचे दुसरे अंग आले. १९५०च्या दशकाच्या आरंभी तेथे आयुध निर्माणी आणि तिच्यालगत यंत्रांचे नमुने तयार करणारा मशीन टूल प्रोटोटाइप कारखाना उभा राहिला. काडतुसांच्या व तोफगोळ्यांच्या पितळी पुंगळ्यांसाठी हे गाव संरक्षण खात्याच्या नकाशावर कायमचे आले. १९६२, १९६५ आणि १९७१ च्या युद्धांत येथे दारूगोळ्याचे सुटे भाग पाळ्यापाळ्यांनी तयार होत राहिले, आणि त्या युद्धांतून परतलेले जवान राज्यभर माजी सैनिक म्हणून कोठे पहारेकरी, कोठे कारखान्यातले सुरक्षारक्षक, कोठे बँकेचे शिपाई झाले. रात्रपाळीचा पहारा ही नोकरी माजी सैनिकांना सहज मिळते. ज्याची झोप आधीच उडालेली आहे, त्याच्या बाबतीत ती आजाराला किती काळ झाकून ठेवते, याचा अभ्यास व्हायला हवा होता.

या सगळ्याला एक नाव मिळाले ते व्हिएतनाम युद्धामुळे. परतलेले अमेरिकी सैनिक, त्यांच्या संघटना आणि काही मानसोपचारतज्ज्ञ यांनी केलेल्या आग्रहामुळे अमेरिकी मानसोपचार संघटनेच्या निदानग्रंथाच्या तिसऱ्या आवृत्तीत, १९८० मध्ये, पीटीएसडी हा स्वतंत्र विकार म्हणून समाविष्ट झाला. १९८८ मध्ये पुऱ्या झालेल्या राष्ट्रीय पाहणीत असे आढळले की व्हिएतनाममध्ये सेवा केलेल्या पुरुषांपैकी १५.२ टक्के त्या वेळीही या विकाराने ग्रस्त होते, आणि ३०.९ टक्के आयुष्यात कधी ना कधी त्यातून गेले होते. युद्ध संपून तेव्हा दहा वर्षांहून अधिक काळ लोटलेला होता. पुढे जोनाथन शे यांनी १९९४ मध्ये आणखी एका गोष्टीकडे लक्ष वेधले, ती म्हणजे नैतिक जखम: जे योग्य आहे त्याचा विश्वासघात वरिष्ठांकडून झाला, किंवा आपल्या हातून जे व्हायला नको ते झाले, ही जाणीव. भय ओसरल्यावरही ती राहते, आणि तिच्यावर धीर देण्याचा उपाय चालत नाही. सांगशाकच्या टेकडीवर १९४४ मध्ये बावीस वर्षांचा असलेला मराठा शिपाई हे निदान ग्रंथात येईपर्यंत अठ्ठावन्न वर्षांचा झालेला होता.

भारतातील पुढचा अनुभव समोरासमोरच्या युद्धांपेक्षा लांबत गेलेल्या मोहिमांचा आहे. श्रीलंकेत १९८७ ते १९९० या काळात शांतिसेना लढली, त्यात मराठी जवानांच्या पलटणी होत्या. महार रेजिमेंटचे मेजर रामस्वामी परमेश्वरन यांना तेथील लढाईबद्दल मरणोत्तर परमवीरचक्र मिळाले. काश्मीर आणि ईशान्य भारतात शत्रू गणवेशात नसतो, आघाडीची रेघ आखलेली नसते, आणि संयम ठेवणे हाच हुकूम असतो. अशा कर्तव्यातला ताण एखाद्या मोठ्या लढाईसारखा टोकाला जात नाही, पण तो उतरतही नाही. घरची शेतीची भांडणे, मुलांचे शिक्षण, वेळेवर न मिळालेली रजा हे त्यात भर घालतात, आणि आज खिशातल्या मोबाइलवरून ती भांडणे चौकीपर्यंत पोचतात. युनायटेड सर्व्हिस इन्स्टिट्यूशन या दिल्लीच्या संस्थेतील २०१९-२० च्या अभ्यासात निम्म्याहून अधिक सैनिक तीव्र ताणाखाली दिसतात असे म्हटले गेले, तेव्हा लष्कराने नमुना फारच लहान असल्याचे सांगून तो निष्कर्ष नाकारला. नमुन्याविषयीचा आक्षेप रास्त असू शकतो. मोठा नमुना घेऊन तपासणी करणे मात्र लष्करालाच शक्य आहे.

भारतीय सैनिकाच्या बाबतीत विकाराचे निदान आणि त्याचा मोबदला या दोन वाटा अखेर निवृत्तिवेतनाच्या नियमांत येऊन मिळतात. अपंगत्व निवृत्तिवेतनासाठी आजार लष्करी सेवेमुळे उद्भवलेला किंवा सेवेमुळे बळावलेला असावा लागतो, आणि मनाच्या आजाराबाबत वैद्यकीय मंडळे अनेकदा तो ‘प्रकृतिधर्मातला’ म्हणजे जन्मजात प्रवृत्तीचा असल्याचे लिहीत आली. सिग्नल कोअरमधून मिरगीच्या झटक्यांमुळे १९९४ मध्ये काढलेल्या धर्मवीर सिंग यांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २ जुलै २०१३ रोजी जो निकाल दिला, त्याने हा भार उलटा केला. भरतीच्या वेळी आजाराची नोंद नसेल, तर त्या वेळी सैनिक निरोगी होता असे गृहीत धरले पाहिजे, आणि आजार सेवेशी संबंधित नाही हे सिद्ध करण्याची जबाबदारी सरकारची राहील, असे न्यायालयाने म्हटले. आणि सशस्त्र दल न्यायाधिकरणाच्या खंडपीठांपुढे मानसिक आजारांच्या दाव्यांतही हा निकाल आधार म्हणून दाखवला जाऊ लागला. शतकभर जी गोष्ट शिपायाच्या विरोधात जात होती, म्हणजे कागदावर काहीच लिहिलेले नसणे, तीच आता त्याच्या बाजूने वाचली जाऊ लागली. या निकालाचा लाभ मात्र त्यालाच होतो, ज्याला सेवेतून मुक्त करताना वैद्यकीय मंडळाने आजाराचे नाव लिहिलेले असते. जो धडधाकट म्हणून घरी पाठवला गेला आणि तीन-चार वर्षांनी ज्याची झोप गेली, त्याला तो सेवेचाच परिणाम आहे हे पहिल्यापासून शाबीत करावे लागते.